मदत हवी आहे: धुळीची तक्रार नगरपंचायतीत करायची की प्रदूषण मंडळात?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, हायवेपासून थोडं आत. गाव कसलं, आता नगरपंचायत झालीय. वर सड्यावर खडी क्रशर, खाली रस्त्याचं काम, आणि डंपर ताडपत्री न टाकता दिवसभर आमच्या पाणंदीवरून जातात. परवा आईने आंब्याची साठं घातली, वर जुनी साडी बांधली, संध्याकाळी बघतो तर साडीवर बोट फिरवलं की रेघ उमटते आणि साठाचा तुकडा तोंडात टाकला की कचकच. बाबांना दमा आहे म्हणून जास्त काळजी. त्यात रात्री वारं फिरलं की डंपिंगवर जाळलेल्या कचऱ्याचा धूर, दारं-खिडक्या लावून उकाड्यात बसायचं.

नगरपंचायतीत गेले तर म्हणे हवा आमच्याकडे येत नाही, ती मंडळाकडे. मंडळात फोन केला तर कचऱ्याचं नगरपंचायतीला विचारा. मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये आमच्या गावाचा एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा आकडा) 62 दिसतो, पण गावात मशीन तर कुठेच नाही, मग हा आकडा येतो कुठून? भावाने ऑनलाइन एक छोटा मीटर मागवला, तो पहाटे दव असताना 140 दाखवतो आणि दुपारी डोळ्यासमोर धुळीचा लोट असताना 40! मीटर बिघडलाय का? आणि नक्की कोणाला धरायचं?

खाडीकाठ: मीटर बिघडलेला नाही ताई. हे स्वस्तातले मीटर हवेतल्या कणांवर उजेड पाडून मोजतात, दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात म्हणून पहाटे आकडा चढतो, आणि रस्त्याची, क्रशरची जाड धूळ त्यांना नीट पकडताच येत नाही. जाड धूळ म्हणजे पीएम 10, तिची मर्यादा 24 तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम, बारीक पीएम 2.5 ची 60. ॲपचा आकडा सॅटेलाइट आणि मॉडेलवरून काढलेला अंदाज असणार. केंद्रीय प्रदूषण मंडळाचं 'समीर' ॲप बघा, त्यात खरं स्टेशन असेल तिथलंच दिसतं.

निवृत्त बाबू: नगरपालिकेत आरोग्य खात्यात होतो म्हणून लिहितो. मोजणं मंडळाचं, 1981 च्या वायू कायद्याने. आमच्या गच्चीवर त्यांचा सॅम्पलर (हवा ओढून धूळ गोळा करणारं यंत्र) असायचा, आठवड्यातून 2 दिवस 24 तास चालवायचा, फिल्टर पेपर आधी आणि नंतर वजन करायचा, म्हणजे वर्षाला 104 नोंदी. छोट्या गावात तेवढंही नसतं. पण "हवा आमच्याकडे नाही" ही टोलवाटोलवी आहे. गावातल्या रस्त्यावर पाणी मारणं, झाडलोट, बांधकामाला हिरवी जाळी लावायला सांगणं, कचरा जाळू न देणं हे सगळं नगरपंचायतीचंच काम. क्रशर मात्र मंडळाकडे, त्याला त्यांचं संमतीपत्र लागतं आणि त्यात पाण्याचे फवारे, पत्र्याचं आच्छादन वगैरे अटी असतात, माहिती अधिकारात त्याची प्रत मागवा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उघड्यावर कचरा जाळण्यावर 2016 च्या हरित लवादाच्या आदेशाने दंड आहे, साधा 5,000, मोठ्या प्रमाणावर असेल तर 25,000.

धागाकर्ती: काका, पण जाळणारी माणसं नगरपंचायतीचीच आहेत हो, दंड कोण कोणाला करणार?

निवृत्त बाबू: मग मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या पण एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका शाखेला आणि एक मंडळाला. प्रत्येकावर पोच शिक्का घ्याच, तोंडी बोलणं तिथेच विरतं. आणि मीटरचे आकडे लिहू नका, ते पहिल्या झटक्यात उडवतील. तारीख, वेळ, वारं कुठून, धुराचा फोटो, डंपरचा नंबर, एवढं पंधरा दिवस वहीत लिहा.

धागाकर्ती: वही आजपासूनच चालू करते. अर्ज द्यायला जाताना साठाचा डबा पण नेऊ का, पुरावा म्हणून?

खाडीकाठ: डबा नको. कचकच असली तरी खातील आणि वर म्हणतील चव छान आहे.