जुन्या डेस्कटॉपला डिझाइनच्या कामासाठी कोणते ग्राफिक्स कार्ड झेपेल?

आरेखक:

नमस्कार. माझा डेस्कटॉप २०१४ सालचा, कंपनीकडून तयार घेतलेला आहे. त्यात आय५-४५९० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, जुनी हार्ड डिस्क आणि ३०० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमधल्याच एचडी ४६०० ग्राफिक्सवर आजवर भागवले. मी अंतर्गत सजावटीचे आराखडे स्केचअपमध्ये करतो आणि अंतिम चित्रे ब्लेंडरच्या सायकल्समध्ये (आराखड्यावरून प्रकाशाच्या हिशोबाने वास्तवदर्शी चित्र बनवणारा भाग) रेंडर करतो, म्हणजे तयार करतो. आता एका बैठकीच्या खोलीचे चित्र पुरे व्हायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो आणि मोठा आराखडा फिरवताना पडदा अडखळतो. पूर्ण नवा संगणक घेणे तूर्त शक्य नाही. केवळ ग्राफिक्स कार्ड बदलून हे दोन्ही त्रास कमी होतील का, आणि या यंत्राला कोणते कार्ड झेपेल, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

त्रिमिती:

तुमच्या दोन तक्रारी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची मुळे वेगळी आहेत, म्हणून कार्ड निवडण्याआधी एक छोटी तपासणी करा. टास्क मॅनेजर उघडा ठेवून स्केचअपमधला तो जड आराखडा फिरवत राहा आणि प्रोसेसरचा वापर किती दिसतो ते पाहा. आकडा २५ टक्क्यांच्या आसपास दिसला, तर प्रोसेसर निवांत आहे असा समज करून घेऊ नका. तुमच्या प्रोसेसरला चार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे हिशोब करणारे भाग आहेत. २५ टक्के याचा अर्थ बहुधा एक कोअर पूर्ण भरला आहे आणि उरलेले तीन स्वस्थ बसले आहेत. स्केचअपचे बरेचसे काम एकाच कोअरवर चालत असल्यामुळे तिथे नव्या कार्डाने थोडाच फरक पडेल. त्यापेक्षा आराखड्यातले झाडे, पडदे, गाद्या यांसारखे अतिबारीक नमुने वेगळ्या टॅगवर (एकत्र दाखवता-लपवता येणाऱ्या गटात) टाकून काम करताना लपवून ठेवल्यास अधिक उपयोग होईल.

सायकल्सची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. तिथे प्रकाशकिरणांचे लक्षावधी हिशोब एकाच वेळी करता येतात आणि ग्राफिक्स कार्ड नेमके त्याच कामासाठी घडवलेले असते. त्यामुळे रेंडरच्या वेळेत फार मोठी घट होईल, हे मी खात्रीने सांगतो. किरणांचा माग काढणारे वेगळे कोअर असलेले आरटीएक्स मालिकेतले कार्ड घेतल्यास ऑप्टिक्सचाही, म्हणजे त्या कोअरांचा उपयोग करणाऱ्या एनव्हिडियाच्या वेगवान पद्धतीचाही, लाभ मिळेल.

निवड करताना नुसता वेग पाहू नका, कार्डावरील मेमरीही पाहा. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचे एक टेक्स्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर लावलेले चित्र) मेमरीत साधारण ६४ एमबी जागा घेते. एका मटेरियलला रंग, खडबडीतपणा, नॉर्मल आणि उंची असे चार नकाशे धरले, तर दहा मटेरियल्सना २.५ जीबी लागतात, आणि त्यात भूमितीचा व रेंडरच्या अन्य गरजांचा हिशोब अजून धरलेलाच नाही. म्हणून ४ जीबीचे कार्ड मी तुम्हाला सुचवणार नाही. शिवाय कोपऱ्यातल्या फुलदाणीला एवढे मोठे टेक्स्चर लागतच नाही. ते २०४८ पिक्सेलचे केले की जागा एक-चतुर्थांश होते.

माझ्या मते आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी रूप तुमच्यासाठी योग्य आहे. ते ७० वॅटवर चालते आणि त्याची बहुतेक मॉडेल्स वेगळ्या पॉवर केबलशिवाय थेट स्लॉटमधूनच वीज घेतात. याच नावाचे ८ जीबीचे कार्डही मिळते, पण त्याला १३० वॅट आणि स्वतंत्र केबल लागते; घेताना खोक्यावरचा मजकूर नीट वाचा. एच८१ बोर्डावरील स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा असतो आणि हे कार्ड त्याच्या आठच लेन (माहितीच्या वाटा) वापरते, त्यामुळे सेकंदाला जास्तीत जास्त ४ जीबी इतकीच ये-जा होईल. दृश्य एकदा कार्डाच्या मेमरीत भरले की पुढचा हिशोब तिथल्या तिथेच होतो, म्हणून रेंडरला या मर्यादेची झळ फारशी लागत नाही.

वायरमन:

वरील सल्ला मला पटतो. विजेच्या बाबतीत मात्र थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते. पॉवर सप्लायवर लिहिलेले ३०० वॅट पाहून निर्धास्त होऊ नका. त्याच्या अंगावरील तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर दिले आहेत ते वाचा. समजा १८ अँपिअर असतील, तर १२ व्होल्टवर २१६ वॅट मिळतात. प्रोसेसरचे ८४ आणि कार्डाचे ७० मिळून १५४ होतात. डिस्क व पंखे धरले तरी हिशोब बसतो. पण अकरा-बारा वर्षे चाललेल्या पॉवर सप्लायकडून छापील आकड्याइतकी अपेक्षा मी ठेवणार नाही. पंख्यातून घरघर येत असेल किंवा जाळीतून आतला एखादा कॅपॅसिटर फुगलेला दिसत असेल, तर आधी पॉवर सप्लाय बदला. तो स्वतः उघडू मात्र नका. कंपनीच्या तयार संगणकात मदरबोर्डाकडे जाणारा प्लग पुष्कळदा नेहमीचा २४ पिनांचा नसतो, तेव्हा बदली सप्लाय घेण्याआधी पिना मोजून घ्या.

साटा प्लगला (डिस्कला वीज देणारा प्लग) जोडून कार्डाला वीज देणारे अडॅप्टर कोणी सुचवले, तर कृपया स्पष्ट नकार द्या. साटा प्लगमधून १२ व्होल्टवर फार तर ५४ वॅट अपेक्षित असतात आणि सहा पिनांचे कार्ड तिथून ७५ वॅटपर्यंत ओढू शकते. मी ही चूक केली आहे. दुसऱ्या आठवड्यात जळक्या प्लास्टिकचा वास आला, म्हणून वीज बंद करून झाकण काढले, तर काळ्या प्लगची एक कड वितळून पिवळ्या तारेला चिकटली होती. संगणक वाचला, पण त्या रात्री तो रेंडरला लावून मी झोपलो असतो तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

पिक्सेल:

दोन इशारे देतो. इंटेलची आर्क कार्डे चांगली असली तरी त्यांना पूर्ण वेगासाठी रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि तुमच्या बोर्डावर ती सोय नाही. जुने जीटीएक्स १०५० टीआयही घेऊ नका, कारण ते ज्या पास्कल पिढीचे आहे तिच्यासाठी एनव्हिडियाची ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. म्हणजे हे यंत्र कधीतरी बदलावे लागणारच, तेव्हा पुढच्या संगणकातही लावता येईल असेच कार्ड घ्या. रॅम १६ जीबी करणे आणि एसएसडी बसवणे मी कार्डाच्याही आधी करीन. एच८१ ला दोनच स्लॉट असतात, त्यामुळे ८ जीबीच्या दोन पट्ट्या लागतील.

आरेखक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर २६ ते २८ टक्क्यांवरच थांबलेला दिसला, म्हणजे त्रिमिती यांचे निदान अचूक होते. तक्त्यावर १२ व्होल्टपुढे १८ अँपिअरच आहेत. स्लॉटपासून डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जागा मोजली, ती २३० मिलिमीटर निघाली, म्हणून एकाच पंख्याचे आखूड कार्ड निवडले. आधी बायोस (मदरबोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केले, रॅम व एसएसडी बसवली आणि मगच कार्ड लावले.

पहिल्या रेंडरला मात्र तितकाच वेळ लागू लागला आणि क्षणभर मन खट्टू झाले. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये, सिस्टिम विभागात ऑप्टिक्स निवडले होते, पण त्या फाइलच्या रेंडर प्रॉपर्टीजमध्ये डिव्हाइस सीपीयूच राहिले होते. दोन्ही ठिकाणी बदल करावा लागतो. ते बदलल्यावर तीच बैठकीची खोली, तेवढ्याच सॅम्पल्सवर (प्रत्येक पिक्सेलमागे तपासलेल्या किरणांची संख्या), १९ मिनिटांत पुरी झाली. कार्डाची ४.१ जीबी मेमरी भरली होती. स्केचअपमध्ये मोठा आराखडा अजूनही अडखळतो, परंतु झाडे आणि पडदे टॅगवर टाकून लपवल्यापासून काम थांबत नाही. पॉवर सप्लायचा पंखा थोडा आवाज करतो आहे. प्लगच्या पिना मोजल्या, त्या २४ नसून १४ निघाल्या. जुळणारा सप्लाय मिळेपर्यंत संगणक रात्रभर रेंडरला लावून ठेवणार नाही.