साइड पोश्चरमध्ये थ्रस्ट (सांध्यावर झटक्यात दिलेला दाब) लागत नाही, रुग्णच सगळा ढकलला जातो. नेमकं काय चुकतंय?

अबोली:
कायरोप्रॅक्टिकचं (हाताने मणके आणि सांधे हलवून उपचार करण्याचं) तिसरं वर्ष सुरू आहे. डायव्हर्सिफाइड नावाच्या त्यातल्याच एका पद्धतीत सध्या कंबरेसाठी कुशीवर झोपवून थ्रस्ट द्यायला शिकवताहेत. पायऱ्या पाठ आहेत, पण हाताला अडचणी येतात. एक, मी एल४ (कंबरेचा चौथा मणका) म्हणून बोट ठेवते आणि सर तपासून एल३ सांगतात. दुसरं, थ्रस्टच्या क्षणी सांध्यापाशी काही होत नाही, जोडीदार अख्खाच्या अख्खा पुढे सरकतो. तिसरं, तास संपेपर्यंत मनगट दुखायला लागतं. बाकीच्यांचा 'कट' आवाज येतो, माझा क्वचितच. होस्टेलवर रूममेटवर सराव केला तर चालेल का? की घरच्या घरी करण्यासारखं दुसरं काही आहे?

सुतारपक्षी:
अख्खं शरीर सरकतं याचा अर्थ थ्रस्टच्या आधीचा ताण पुरा घेतलेला नाही. सांध्याभोवतीची सैल जागा आधी संपवली नाही, तर तुमचा वेग ती संपवण्यातच खर्ची पडतो. म्हणून वेगाचा विचार तूर्त सोडा आणि मांडणीवर वेळ घाला.

टेबल गुडघ्याच्या थोडं वर, एवढंच उंच ठेवा. उंच टेबलावर छाती रुग्णाच्या वर येतच नाही आणि मग सगळं काम दंडाने होतं. रुग्ण तुमच्या बाजूच्या कडेला घ्या. डोक्याखाली मान सरळ राहील एवढी उशी, खालचा पाय सरळ, वरचा दुमडून त्याचं पाऊल खालच्या गुडघ्याच्या मागे. आता एका हाताची बोटं दोन स्पायनस प्रोसेसच्या (पाठीवर हाताला लागणाऱ्या मणक्यांच्या टोकांच्या) मधल्या फटीत ठेवा आणि दुसऱ्या हाताने वरची मांडी हळूहळू पोटाकडे न्या. फटी खालून वर अशा क्रमाने उघडतात. हवी ती फट उघडल्याचं जाणवलं की तिथेच थांबा. एल५ साठी मांडी कमी वाकवावी लागते, एल२ साठी जास्त. सगळ्यांना एकाच कोनात वाकवणं ही वर्गात हमखास दिसणारी चूक.

मग रुग्णाचा खालचा हात कोपराच्या वर धरून पुढे आणि थोडा छताकडे ओढा, धड फिरून तो ताण वरून त्याच फटीपर्यंत येईल इतकाच. जास्त पीळ दिला तर बरगड्यांना त्रास होतो आणि रुग्ण अंग आवळून घेतो. यानंतरची पायरी बरेच जण विसरतात: रुग्णाला एकसंध आपल्याकडे वळवा, म्हणजे संपर्काची जागा (जिथे तुम्ही हात टेकवणार ती) वर येते आणि तुमचा छातीचा मधला भाग तिच्या बरोब्बर वर बसतो. तुम्ही मागे उभं राहून ढकलत असाल, तर बळ आडवं जातं आणि रुग्ण सरकतो.

संपर्क देताना आधी कातडी ओढून सैलपणा काढा, मग पिसिफॉर्म (मनगटातलं करंगळीच्या बाजूचं छोटं हाड) टेकवा. रुग्णाला श्वास सोडायला सांगा आणि त्याच्याबरोबर खाली उतरा. तळाशी घट्टपणा लागला की तिथूनच थ्रस्ट. इथे हात किंचित मागे घेऊन जोर आणण्याची सवय सगळ्यांत घातक, कारण कमावलेला ताण त्याच क्षणी सुटतो. थ्रस्ट म्हणजे गुडघे वाकवून धडाचं वजन झटक्यात थोडंसं खाली टाकणं. सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षा कमी वेळ आणि अगदी कमी अंतर.

मनगटाचं दुखणं याच मांडणीशी जोडलेलं आहे. मनगट पूर्ण मागे मोडलेलं असताना त्यावर भार येतो. पुढचा बाहू बळाच्या रेषेत आणा, कोपर थोडा वाकलेला ठेवा. एल५ आणि सॅक्रोइलियाक (त्रिकास्थी आणि कमरेचं हाड यांमधल्या) सांध्यासाठी पुढच्या बाहूचा संपर्क घेता येतो का, ते शिक्षकांना विचारा.

शेवंता:
एल४ चं एल३ का होतं, त्याचं साधं कारण आहे. एक्स-रेवर कमरेच्या हाडाच्या दोन्ही कडा जोडणारी रेषा साधारण एल४ किंवा एल४-५ वरून जाते. हाताने चाचपताना मात्र कडेवर कातडी आणि चरबी असते, त्यामुळे बोट वर टेकतं आणि रेषा एल३ किंवा एल३-४ वर पडते. म्हणून खालूनही मोजा. कंबरेवरच्या दोन खळग्यांपाशी जी हाडं लागतात, ती साधारण एस२ च्या (त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याच्या) पातळीला. तिथून मधोमध वर सरका. एल५ चा स्पायनस लहान आणि आत दबलेला असतो, तो सुटला की पुढची सगळी मोजणी चुकते. दोन्हीकडून मोजून उत्तर जुळलं तरच पेन्सिलने खूण करा.

मानेत सी६ आणि सी७ (सहावा आणि सातवा मणका) यांत घोळ होत असेल, तर दोन्हींवर बोट ठेवून मान मागे न्यायला सांगा. सी६ पुढे सटकून बोटाखालून नाहीसा होतो, सी७ जागेवर राहतो. खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकावर फार भिस्त ठेवू नका. पुस्तकात टी७ (पाठीचा सातवा मणका) असतं, पण माणसागणिक आणि हाताच्या स्थितीप्रमाणे ते एखाद्या मणक्याने बदलतं.

बोटांसाठी जुना आणि उत्तम सराव: कागदाखाली केस ठेवा, डोळे मिटून शोधा, सापडला की वर आणखी एक कागद. जोरात दाबलं तर केस लागत नाही, हे लगेच कळतं. रुग्णावरही तसंच. शिवाय, मणक्याची हालचाल चाचपण्यात दोन तपासणाऱ्यांचं एकमत फारसं होत नाही. दाबल्यावर दुखतं का, यावर त्यापेक्षा बरं जुळतं. दोन्ही नोंदवा.

रानवारा:
रूममेटवर थ्रस्ट नको, हे स्पष्टच सांगते. मानेवर तर ताण घेण्याचा सरावही शिक्षक समोर असतानाच. वर्गातही एकाच जोडीदाराच्या त्याच सांध्यावर पाच जणांनी हात साफ करणं थांबवा, स्नायू दुखावतात. आणि वर्गमित्र तरुण आहे म्हणून विचारपूस टाळू नका. हाड मोडल्याचा किंवा कर्करोगाचा इतिहास, ठिसूळ हाडं, दीर्घकाळ स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं, संधिवात, ताप, कारण नसताना घटलेलं वजन, हे दर वेळी विचारायचं. जांघेत बधिरपणा किंवा लघवी अडणं असेल तर टेबलावर न घेता थेट इस्पितळात. मान अचानक आणि पूर्वी कधी न दुखल्यासारखी दुखत असेल, सोबत चक्कर, दुहेरी दिसणं, बोलताना अडखळणं असेल, तर मानेच्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची शंका धरायची आणि हात लावायचा नाही.

आवाजाचा नाद सोडा. २०१५ मध्ये बोटांच्या सांध्यांचं चालू एमआरआय चित्रण झालं, त्यात सांध्याचे पृष्ठभाग दूर होताना द्रवात पोकळी तयार होताना दिसली. एकदा आवाज आला की त्या सांध्याचा साधारण वीस मिनिटं पुन्हा येत नाही, म्हणजे तुमच्या आधी कुणी थ्रस्ट दिला असेल तर तुमचा यायचाच नाही. कंबरेत आवाज अनेकदा ठरवलेल्या मणक्याऐवजी शेजारच्या सांध्यांतून येतो, एकाहून जास्तही येतात. त्यावरून आपला थ्रस्ट बरोबर की चूक, ते ठरत नाही.

घरी करण्यासारखं: वजनकाट्यावर दाट फोमचा तुकडा ठेवा. हात टेकवून काटा १० किलोवर, म्हणजे साधारण १०० न्यूटनवर आणा आणि पाच सेकंद एक किलोही न हलवता धरा. नजर काट्यावर न ठेवता जमू लागलं की १५ किलो. थ्रस्टचं शिखर घरचा काटा पकडू शकत नाही, त्यामुळे तो आकडा बघू नका. अंदाज म्हणून सांगते, पालथं झोपवून पाठीवर दिलेल्या थ्रस्टची मोजमापं ४०० न्यूटनच्या आसपास आली आहेत, मानेवरची १०० च्या. तेवढ्यावरूनच दोन्हींना एक हात चालत नाही हे लक्षात येईल.

फोमवर थ्रस्ट देताना फोन बाजूला लावून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. खांदा थ्रस्टच्या आधी वर उचलला जातो का, तेवढंच पाहा.

अबोली:
टेबल मांडीच्या मध्यापर्यंत उंच होतं, तिथूनच सुरुवात चुकत होती असं दिसतंय. @सुतारपक्षी, रुग्ण माझ्यापेक्षा बराच जड असेल तर एकसंध वळवायचं कसं?

सुतारपक्षी:
ओढू नका. तुमची मांडी त्याच्या दुमडलेल्या गुडघ्याच्या वरच्या बाजूला टेकवा, त्याला श्वास सोडू द्या आणि तुमचं वजन मागच्या पायावर न्या. तो आपोआप वळतो. तरीही तुमची छाती संपर्काच्या वर येत नसेल, तर त्या रुग्णासाठी ड्रॉप टेबल (थ्रस्टबरोबर ज्याचा भाग किंचित खाली पडतो) किंवा फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन (टेबल वाकवत हळू ताण देण्याची पद्धत) निवडा.