विमानातच बसवलेला जिना आता क्वचितच का दिसतो?

प्रश्न: बोइंग ७२७च्या शेपटीखाली उघडणारा जिना असे. आजच्या बहुतेक मोठ्या जेट विमानांतून तो का वगळला जातो?

उत्तर १: मुख्य कारण वजन. जिना, त्याची यंत्रणा आणि तो दुमडून ठेवण्याची जागा यांचा भार प्रत्येक उड्डाणात वाहावा लागतो, आणि एरोब्रिज (टर्मिनलपासून विमानाच्या दारापर्यंतचा झाकलेला पूल) असलेल्या विमानतळावर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

उत्तर २: एटीआर ७२ या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानात जिना अजून दिसतो: त्याचे मागचे दार खाली उघडले की त्याच्या आतल्या बाजूलाच पायऱ्या असतात. ही रचना मला सर्वांत सुबक वाटते.

उत्तर ३: १९७१मध्ये एका अपहरणकर्त्याने ७२७च्या याच जिन्यावरून हवेत उडी घेतली, त्यानंतर उड्डाणात वाऱ्याच्या दाबाने फिरून जिना अडवणारी पट्टी त्या विमानांवर बसवण्यात आली.