मदत हवी आहे: बागेत काही घडलेलं नाही तरी घरच्या बायका घाबरतात

काजरो: फोंड्याजवळ आमच्या कॉलनीची बाग आहे. चोरी नाही, छेडछाड नाही, तरी सातनंतर आई आणि बायको आत पाय टाकत नाहीत. रविवारी ग्रामसभा आहे, नेमकं काय मागू? दिवे आहेत, आधीच सांगतो. लवकर सांगा प्लीज.

आबोली: दिवे कुठे आहेत? बागेच्या चारी बाजूंना काय आहे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

दर्यावर्दी: सीसीटीव्ही मागा, विषय संपला. आमच्या बिल्डिंगला लावल्यापासून सगळे निर्धास्त.

आबोली: कॅमेऱ्यात काय झालं ते नंतर बघणार. बाईला समोरून कोण येतंय ते आत्ता दिसायला पाहिजे.

सुरंगी: आईंना सकाळी साडेसहाला पाठवा, कोवळं ऊन गुडघ्यांना बरं.

काजरो: सकाळचं विचारलं नाही हो. रस्त्याच्या बाजूला चिऱ्यांची पुरुषभर उंच भिंत, मागे पडीक काजूची बाग, शेजारी बंद गोदाम. गेट एकच. दिवे फक्त वाटेवर.

आबोली: अहो मग हेच तर कारण! उजेड चालणारीवर पडतो आणि बाजूची झुडपं काळोखात, म्हणजे ती सगळ्यांना दिसते पण तिला कोणी दिसत नाही. फिशर आणि नासार यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आवारात हेच तपासलं होतं, पुढचं दिसत नाही, कोणी लपेल अशी जागा आहे आणि सटकायला वाट नाही, अशा ठिकाणी लोकांना जास्त भीती वाटते. तुमच्याकडे तिन्ही आहे.

दर्यावर्दी: मग झाडं तोडा आणि मोकळं करा.

कुळागर: झाडांना हात लावू नका! गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने झाड तोडायला परवानगी लागते. आणि कुओ आणि सलिव्हन यांच्या २००१ च्या शिकागोच्या अभ्यासात ज्या इमारतींभोवती हिरवळ जास्त तिथे गुन्हे कमी निघाले. झुडपं कंबरेइतकी ठेवा, मोठी झाडं राहू देत.

सुरंगी: आमच्याकडे तर भीती भटक्या कुत्र्यांचीच, त्याचं कोण बघणार?

आबोली: काजरो, आईंनाच विचारा कुठे पावलं भरभर पडतात.

काजरो: विचारलं. गोदामाच्या कोपऱ्यावर, म्हणे तिथून मागे फिरलं तरी गेट लांब. मग भिंत अर्धी करून वर जाळी, कोपऱ्यावर दुसरं गेट, झुडपांची छाटणी, एवढं मागतो.

कुळागर: गेट मागायच्या आधी गोदामापुढची जागा कोणाची ते बघा.

काजरो: खाजगी आहे, मालक मुंबईला.

आबोली: मग त्यांना आजच फोन करा, रविवारपर्यंत थांबू नका.