मदत हवी आहे : लहान मुलांच्या घरात कोणता कुत्रा आणावा?

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतो. घरात ९ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई आहेत. मुलीने हस्कीचा हट्ट धरला आहे, परंतु थंड प्रदेशातल्या त्या दाट केसांच्या कुत्र्याला इथल्या मे महिन्यात ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते. चपट्या नाकाच्या पगलाही उकाड्यात धाप लागते. लॅब्रॅडॉर प्रेमळ खरा, मात्र २५-३० किलोंचा कुत्रा नुसता लाडाने अंगावर आला तरी धाकटा आडवा होईल (सासूबाईंचे तर विचारूच नये). त्यामुळे माझा कल आखूड केसांच्या, इथल्या हवेला सरावलेल्या देशी कुत्र्याकडे आहे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, हे ठाऊक आहे. पण आमचा धाकटा कुणाच्याही ताटात बिनदिक्कत हात घालणारा असल्याने, पिल्लू आणावे की स्वभाव कळलेला, दोन-तीन वर्षांचा कुत्रा दत्तक घ्यावा, हे ठरत नाही. ज्यांनी लहान मुलांच्या घरात वयाने मोठा देशी कुत्रा आणला आहे, त्यांनी आधी त्याचा स्वभाव कसा पारखला आणि सुरुवातीला मुलांना कोणती शिस्त लावली, हे कृपया सविस्तर कळवावे.