मदत हवी आहे: कंपनीने दर महिन्याला ‘कर्ज’ म्हणून दिलेले पैसे पगार धरायचे का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न आर्थिक वर्ष २०२४-२५ चा आहे, म्हणजे १९६१ चाच आयकर कायदा लागू.

माझी धाकटी बहीण एका खासगी कंपनीत आहे. मध्यंतरी कंपनीची येणी अडकली आणि पगार थांबले. काम मात्र चालूच होतं. त्या काळात दर महिन्याला तिच्या बँक खात्यात पगाराएवढीच रक्कम येत राहिली, पण कंपनीच्या वह्यांत नोंद ‘कर्मचारी कर्ज’ अशी. करारपत्र नाही, व्याज नाही, हप्ते ठरलेले नाहीत. टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापलेला नाही, त्यामुळे फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार आणि टीडीएसचा दाखला) आणि २६एएसमध्ये (आयकर खात्याकडची कापलेल्या कराची नोंद) या रकमेचा पत्ताच नाही. अकाउंट्सवाले म्हणतात, कर्जावर कर नसतो, रिटर्नमध्ये दाखवू नका.

मला हे पटत नाही. महिनाभर राबल्यावर आलेले पैसे, तेही परतफेडीचं चकार शब्दाने बोलणं न होता, कर्ज कसे? कलम १५ प्रमाणे पगार देय झाला की हातात पडो न पडो, करपात्र होतो. आगाऊ पगारसुद्धा कलम १७(१) मध्ये पगारातच मोडतो.

खरी काळजी पुढची आहे. उद्या तिने नोकरी सोडली आणि कंपनीने हेच ‘कर्ज’ परत मागितलं तर? त्या महिन्यांचा भविष्य निर्वाह निधीही भरलेला नाही. रिटर्नमध्ये काय दाखवावं, आणि कंपनीकडून लेखी काय घ्यावं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, पगार म्हणूनच दाखवा. टीडीएस कापला नसला तरी कलम १९१ प्रमाणे कर तिनेच भरायचा आहे.

अकाउंट्सवाल्यांचं म्हणणं खऱ्या कर्जालाही पूर्ण लागू होत नाही. बिनव्याजी कर्ज एकूण २०,००० रुपयांच्या वर गेलं की नियम ३(७) प्रमाणे स्टेट बँकेच्या दराने व्याज काढून ते पगाराच्या उत्पन्नात धरतात. गंभीर आजाराच्या उपचारांसाठीच्या कर्जाला काही सूट आहे, पण ते इथे लागू नाही.

बहिणीला आजच ईमेल करायला सांगा: ‘या रकमा कोणकोणत्या महिन्यांच्या पगारापोटी दिल्या, ते कळवावे.’ उत्तर आलं नाही तरी तिने वेळेत विचारल्याची नोंद राहते. हजेरी, कामाचे ईमेल, बँक स्टेटमेंट जपून ठेवा. कंपनीला टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त करून नवा फॉर्म १६ देता येतो, तोही मागा. आणि ‘कर्ज मिळाले’ अशा कुठल्याही कागदावर आता मागची तारीख घालून सही करू देऊ नका.