गाडीत डावीकडे पायाशी पाणी साचतंय, पुढची काच काढावी का?

प्रश्न
२००७ची हॅचबॅक, सनरूफ नाही. जोराची सर येऊन गेली की पुढच्या डाव्या बाजूची मॅटिंग खालून भिजते. एसी बंद असला तरी तेच. काचेभोवती सिलिकॉन फिरवून झालं, फरक नाही. काच काढून पुन्हा बसवावी का?

प्रतिसाद १
काचेला इतक्यात हात लावू नका. पाणी चिकट, गोडसर वासाचं असतं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) म्हटलं असतं. एसी लावल्यावरच आलं असतं तर ड्रेनची नळी तुंबलेली. तुमचं पावसाचंच दिसतंय.

वायपरखालची जाळी काढा. तिच्याखालच्या पन्हाळीत पानं आणि माती साचून निचऱ्याची भोकं बुजतात. मग पाणी चढतं आणि ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून थेट पायाशी उतरतं. कचरा हातानेच उचला; पाण्याच्या जोराने ढकललात तर भोकात आणखी घट्ट बसेल. नंतर लिटरभर पाणी ओतून बघा, गाडीखाली लगेच धार लागली पाहिजे.

प्रतिसाद २
पन्हाळ मोकळी निघाली तर दरवाजा बघा. खिडकीवरून दरवाजाच्या पोटात पाणी जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. ट्रिममागचा, म्हणजे दरवाजाच्या आतल्या आवरणामागचा, प्लास्टिकचा कागद मात्र स्पीकर बसवताना फाडतात आणि तसाच सोडतात. ट्रिमची खालची कड फुगलीय का? मग नवं जाड पॉलिथीन ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवा आणि खालची कड पत्र्याच्या आत वळवा. सेलोटेप ओलीत टिकत नाही.

तपासायला दोघं हवेत. एकाने मॅटिंग उचलून आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने नोझल न लावता पाइपाने हळू पाणी सोडायचं. सुरुवात खालून: उंबरा, दरवाजा, पन्हाळ, शेवटी काच आणि छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरू केलंत तर सगळंच भिजतं आणि वाट सापडत नाही. आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरा, ओघळ लख्ख दिसतो.

प्रश्नकर्ता
जाळीखाली ओंजळभर पानं निघाली. पण वायरिंगच्या ग्रोमेटमधून (वायरी पत्र्यातून आत येतात तिथल्या रबरी बुचातून) अजून थेंब येतोय.

प्रतिसाद १
फॉग लॅम्पची किंवा हॉर्नची जादा वायर ग्रोमेट भोसकून आत घेतली असेल. ग्रोमेट बदला, आणि वायरला आत शिरण्याआधी खाली झोल द्या. थेंब तिथेच गळून पडेल. सांध्याला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लावा, तेही पत्रा पूर्ण कोरडा करून. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नकोच, त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो. काचेवरचंही खरवडून काढा. पुढे कधी काच खरंच बसवायची झाली तर सिलिकॉनच्या थरावर पीयू धरत नाही.

प्रतिसाद २
मॅटिंगखालचा फोम वरून कोरडा लागला तरी पोटात पाणी धरून असतो. बॅटरी सोडवा, सीटचे बोल्ट काढा, मॅटिंग पूर्ण उचलून फोम पिळून वाळवा. पत्र्यावर गंज असेल तर वायर ब्रश, प्रायमर, रंग. फोमवर टिश्यू पेपर दाबून तो कोरडा राहिला, तरच मॅटिंग परत अंथरा.